परदेशी विद्यार्जन आणि विद्यार्थ्यांचे श्रमार्जन

विलायतेस विद्येसाठी जाणाऱ्या तरुणापुढे एके काळी पैशाच्याही आधी प्रश्न उभा राहत असे तो ज्ञातीच्या संमतीचा. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी मुंबईहून निघाले, तेव्हा त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीची सभा मुंबईत भरली. समुद्रगमनाचा बेत सोडण्यास ते तयार होईनात, म्हणून त्यांना ज्ञातीबाहेर ठरविण्यात आले. इतकेच नव्हे, तर जो कोणी त्यांस साहाय्य करील किंवा बंदरावर निरोप देण्यास जाईल, त्यास सव्वा रुपया दंड होईल असे फर्मावण्यात आले. पुढे काळ पालटला. १९०१ पासून कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने निरनिराळ्या ज्ञातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघू लागली आणि ज्या ज्ञातिसभा दंड करीत, त्याच शिष्यवृत्त्या देऊ लागल्या. आज तर परदेशची पदवी मिळविलेल्या मुलामुलींची छायाचित्रे ज्ञातीच्या स्मरणिकांत मानाने झळकतात.

ह्या छायाचित्रांखाली विद्यापीठाचे नाव असते, पदवीचे नाव असते, क्वचित मातापित्यांचेही असते. मात्र तो विद्यार्थी तेथे राहिला कसा, जेवला कशावर, आणि वर्ग सुटल्यावर संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत कोठे उभा होता, ह्याचा उल्लेख तेथे नसतो. बहुतेकांनी कोठे ना कोठे काम केलेले असते. कोणी उपाहारगृहात बशा धुतलेल्या असतात, कोणी दुकानात माल मांडलेला असतो, कोणी वृद्धांच्या निवासात शुश्रूषा केलेली असते. ही गोष्ट घरच्यांस ठाऊक असते किंवा नसते. ठाऊक असली तरी चारचौघांत सांगितली जात नाही. ह्या मौनामागे काय आहे आणि त्याची किंमत कोण देतो, ह्याचा विचार करण्यासाठी आम्ही ह्या लेखात कमवून शिकणाऱ्या परदेशस्थ विद्यार्थ्यांचा इतिहास थोडक्यात पाहणार आहोत.

गरीब विद्यार्थ्याने परक्या गावी कसे शिकावे ह्याची आपल्याकडील जुनी रीत सर्वांस परिचित आहे. माधुकरी मागावी, किंवा सात घरी सात वार लावून जेवावे. ह्या रीतीने कित्येक बुद्धिमान मुलांस मार्ग दाखविला हे खरेच; पण तीत दोन उणिवा होत्या. एक तर ती दात्याच्या मर्जीवर चाले, आणि दुसरे म्हणजे कोणाच्या ओटीवर कोणत्या ज्ञातीच्या मुलाचे पान मांडले जाईल हे आधीच ठरलेले असे. ज्याला वार मिळणे शक्यच नव्हते अशा मुलांची संख्या समाजात कितीतरी मोठी होती. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेव्हा त्यांनी ह्या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. विद्यार्थ्याने अंगमेहनत करावी आणि तिच्या मोबदल्यात शिकावे. ‘कमवा आणि शिका’ ह्या नावाने ती योजना महाराष्ट्रास ठाऊक आहे. दानाऐवजी श्रम हा तिचा गाभा होता, आणि श्रमास ज्ञात विचारावी लागत नाही हे तिचे बळ होते.

परदेशी गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांस हाच धडा आणखी आधी, आणि अधिक कठोरपणे, अमेरिकेत मिळाला. इंग्लंडात जाणारे तरुण बहुधा घरच्या पैशावर, कर्जावर किंवा संस्थानिकांच्या शिष्यवृत्तीवर जात. तेथील विद्यार्थ्याने हाताने काम करून शिकावे अशी रूढी त्या काळी नव्हती. काटकसर हाच काय तो उपाय. गांधीजी लंडनमध्ये पै-पैचा हिशेब लिहीत आणि पायी हिंडत, ते ह्याच कारणाने. अमेरिकेचा प्रकार निराळा होता. १८६२ साली तेथे मॉरिल कायदा झाला. त्या अन्वये प्रत्येक राज्यास सरकारी जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेतकी व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये निघाली. तेथे शेतकऱ्यांची आणि कारागिरांची मुले येऊ लागली. महाविद्यालयाच्या शेतावर, भोजनगृहात किंवा गावातील घरी काम करून शिकणे हे तेथे लाजिरवाणे मानले जात नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी जे हिंदी तरुण पॅसिफिक किनाऱ्यावरील राज्यांत उतरले, त्यांस ही तयार वाट सापडली.

त्यांतील एक आपल्या वर्ध्याचे होते. पांडुरंग सदाशिव खानखोजे जपानमार्गे अमेरिकेस गेले. जवळ पैसा नव्हता. मिळेल ते कष्टाचे काम करीत त्यांनी ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत शेतकीचे शिक्षण घेतले. त्या भागात लाकूड कापण्याच्या गिरण्या होत्या आणि तेथे पंजाबी मजूर मोठ्या संख्येने राबत. विद्यार्थी आणि मजूर ह्यांची जी गाठ तेथे पडली, तिच्यातून पुढे १९१३ साली गदर चळवळ उभी राहिली. खानखोजे तिच्या आरंभीच्या संघटकांपैकी होते. क्रांतीचे प्रयत्न फसल्यावर ते मेक्सिकोस गेले, चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि मका व गहू ह्यांच्या सुधारित वाणांवर त्यांनी संशोधन केले. १९६७ साली नागपुरास त्यांचे देहावसान झाले. सुशिक्षित घरातील मुलगा मजुराच्या पंक्तीस बसला नसता, तर हा इतिहास घडला नसता.

दुसरे उदाहरण पंजाबातील दलीपसिंग सौंद ह्यांचे. ते १९२० साली अमेरिकेस गेले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे गणित शिकू लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते फळे व भाज्या डब्यांत भरण्याच्या कारखान्यांत काम करीत. १९२४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. तरीही हिंदी माणसास तेव्हा तेथे प्राध्यापकी मिळणे दुरापास्त होते; म्हणून त्यांनी अनेक वर्षे शेती केली. १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांस नागरिकत्वाचा हक्क मिळाल्यानंतर ते नागरिक झाले आणि १९५६ साली अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले. आशियाई वंशाचा पहिला प्रतिनिधी म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले आहे. ज्ञातिसंस्थांनी लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट त्यांच्या चरित्रात आहे. बर्कली येथे स्टॉक्टनच्या शीख गुरुद्वाराने हिंदी विद्यार्थ्यांसाठी एक घर ठेवले होते आणि तेथे भाडे न देता राहता येत असे. ते घर ज्यांच्या वर्गणीवर चाले, त्यांत शेतमजुरांचा भरणा होता. भाड्याची चिंता मिटल्यामुळे सत्र चालू असताना अभ्यास आणि सुट्टीत काम अशी वाटणी विद्यार्थ्यांस करता येई.

तिसरे उदाहरण येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांचे. आंध्रातील भीमावरमचे हे वैद्यकाचे विद्यार्थी १९२० नंतरच्या दशकात बॉस्टनला हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. वैद्यकीची पदविका हाती असूनही त्यांना तेथे रुग्णालयात रात्रपाळीला हलके काम पत्करावे लागले. रुग्णांची मलमूत्राची भांडी साफ करणे हा त्या कामाचा भाग होता. दिवसा ते प्रयोगशाळेत असत. सिरस फिस्के ह्यांच्यासमवेत त्यांनी स्फुरदाचे प्रमाण मोजण्याची जी पद्धत १९२५ साली प्रसिद्ध केली, ती आजही त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. पुढे फॉलिक आम्लावरील त्यांच्या कार्यातून कर्करोगावरील औषधांचा मार्ग मोकळा झाला.

चौथे आणि सर्वांत बोधप्रद उदाहरण जयप्रकाश नारायण ह्यांचे. ते १९२२ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियास पोहोचले. विद्यापीठाचे सत्र जानेवारीत सुरू व्हावयाचे होते. मधल्या महिन्यांत त्यांनी द्राक्षांच्या मळ्यांत काम केले. पुढील वर्षांत त्यांनी फळांच्या कारखान्यात, उपाहारगृहात आणि खाटिकखान्यातही कामे केली, बशा धुतल्या. बर्कलीची फी वाढून परवडेनाशी झाली, म्हणून ते स्वस्त अशा आयोवा विद्यापीठात गेले. तेथून विस्कॉन्सिनला, तेथून ओहायोला. १९२८ साली त्यांना बी. ए. आणि १९२९ साली एम. ए. ची पदवी मिळाली. दोन पदव्यांस एकूण सात वर्षे लागली. इकडे त्यांच्या पत्नी प्रभावतीदेवी साबरमतीच्या आश्रमात त्यांची वाट पाहत होत्या.

ही चरित्रे आपण मुलांस सांगतो ती श्रमप्रतिष्ठेचे धडे म्हणून, आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहास अर्धाच सांगितला तर तो दिशाभूल करतो. जयप्रकाशांच्या सात वर्षांकडे पुन्हा पाहावे. त्यांना जे साधले ते एका सवलतीमुळे साधले. पैसे संपले की अभ्यास थांबवावा, काही महिने काम करावे, पुन्हा नाव दाखल करावे, हे त्या वेळी शक्य होते. ती सवलत हळूहळू नाहीशी झाली. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक देशांच्या लोकांस प्रवेश बंद केला. विद्यार्थी तेवढे वगळले. १९२४ च्या कायद्यात विद्यार्थी म्हणजे केवळ अध्ययनासाठी येणारा अशी व्याख्या झाली. त्या ‘केवळ’ शब्दाचा अर्थ पुढे अधिकाधिक काटेकोर होत गेला. मंदीच्या दिवसांत, १९३२ साली, परदेशी विद्यार्थ्यांनी मजुरी करून पोट भरण्यावर तेथील मजूर खात्याने बंदी आणली, कारण स्थानिक कामगार बेकार होते. विद्यार्थ्याच्या कामाचे तास कायद्याने मोजण्याची जी पद्धत आज सर्वत्र दिसते, तिचे मूळ अशा निर्बंधांत आहे. यजमान देशाला विद्यार्थ्याची फी हवी असते, थोडेफार श्रमही हवे असतात. पण स्थानिक कामगारांशी स्पर्धा मात्र नको असते.

ह्याच्या शेजारी दुसरे एक चरित्र ठेवून पाहावे. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची. ती रक्कम मोठी नव्हती, परंतु तिने त्यांना विद्येसाठी सर्वांत दुर्मिळ वस्तू मिळवून दिली. ती वस्तू म्हणजे वेळ. त्यांचे ग्रंथालयातील दीर्घ वाचन प्रसिद्धच आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यानंतर त्यांनी मुंबईस सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून पैसे साठविले, मित्राकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्थार्जन आणि अध्ययन ह्यांची त्यांनी केलेली ही विभागणी विचार करण्याजोगी आहे. आधी मायदेशी कमावले, मग परदेशी संपूर्ण वेळ अभ्यास केला.

आता वर्तमानाकडे वळू. आज कमवून शिकू म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास कायदा काय मुभा देतो? ब्रिटनमध्ये पदवी वा पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यास सत्र चालू असताना आठवड्यास २० तास काम करता येते. अमेरिकेत सत्रकाळात २० तासच, आणि तेही पहिल्या शैक्षणिक वर्षी विद्यापीठाच्या आवारातच. कॅनडाने नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ ह्या काळात ही मर्यादा तात्पुरती उठविली होती. नोव्हेंबर २०२४ पासून आवाराबाहेरील कामास ती आठवड्यास २४ तास ठरविली. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून पंधरवड्यास ४८ तास अशी मर्यादा घातली. जर्मनीने २०२४ साली वर्षाकाठी १४० पूर्ण दिवसांची मुभा दिली. ह्या आकड्यांत वरचेवर बदल होतात. कॅनडाचे उदाहरणच तसे सांगते. म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या शासनाकडून त्यांची खात्री करून घ्यावी.

ह्या तासांचे पैसे किती होतात ह्याचा हिशेब घराघरात मांडला गेला पाहिजे. ब्रिटनचेच उदाहरण घेऊ. एप्रिल २०२५ मध्ये तेथे एकवीस वर्षांवरील कामगारांचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झाले. समजा, विद्यार्थ्याने सत्राचे तीस आठवडे एकही दिवस न चुकविता वीस-वीस तास काम केले. एकूण तास झाले ६०० आणि वेतन झाले सुमारे ७,३२६ पौंड. लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याने निर्वाहासाठी दरमहा १,१३६ पौंड, नऊ महिन्यांचे मिळून १०,२२४ पौंड, दाखवावेत असा तेथील शासनाचा जानेवारी २०२५ मधील नियम होता. म्हणजे कायद्याने शक्य तेवढे सर्व काम करूनही सत्रातील कमाईतून निर्वाहाचा खर्चसुद्धा पुरा भरून निघत नाही. विद्यापीठाची फी तर त्या हिशेबात आलेलीच नाही. सुट्टीत पूर्ण वेळ काम करता येते हे खरे, पण एका वर्षाच्या एम. ए. किंवा एम. एस्सी.च्या विद्यार्थ्यास उन्हाळा प्रबंधलेखनात घालवावा लागतो. तो त्याच्यासाठी सुट्टीचा काळ धरला जात नाही. शिवाय पुढे मिळेल अशी मजुरी प्रवेशपरवान्यासाठी दाखविता येत नाही. आधी जमविलेली रक्कमच दाखवावी लागते.

असे असूनही, ‘तेथे जाऊन काम करील आणि कर्ज फेडील’ हे वाक्य आपल्या घरांत फार सहजपणे उच्चारले जाते. राहत्या घरावर किंवा शेतावर कर्ज काढले जाते आणि त्याच्या परतफेडीचा हिशेब ह्या न पुरणाऱ्या तासांवर बांधला जातो. मग विद्यार्थ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक, घरी खरे सांगावे. दुसरी, मर्यादेपेक्षा अधिक तास चोरून काम करावे. पहिली वाट लाजेने बंद केलेली असते. घरी ज्याने जेवल्यावर स्वतःचे ताट उचलले नाही, तो परक्याची ताटे घासतो आहे हे ऐकून वडिलांस काय वाटेल, आणि नातेवाईक काय म्हणतील, ह्या विचाराने मुलगा फोनवर ‘सर्व ठीक आहे’ एवढेच सांगतो. विवाहाच्या बोलण्यांत तर ‘परदेशी असतो’ ह्यापलीकडे चौकशी जाऊ नये अशीच दोन्ही पक्षांची इच्छा असते.

दुसऱ्या वाटेवर काय होते हे ऑस्ट्रेलियात २०१५ साली उघड झाले. एका मोठ्या दुकान-साखळीच्या शाखांत परदेशी विद्यार्थी राबत होते. त्यांत भारतीयही होते. कागदोपत्री निम्मे तास दाखवून त्यांना प्रत्यक्षात निम्मे वेतन दिले जाई. तक्रार करावी तर तासांची मर्यादा मोडल्याचे निष्पन्न होऊन परवाना रद्द होण्याची भीती. ह्याच भीतीचा धाक मालक घालीत. विद्यार्थी गुन्हेगार नव्हते, मूर्खही नव्हते. ते कर्जात होते आणि बोलू शकत नव्हते. मर्यादेबाहेर काम करणारा विद्यार्थी एकाच वेळी वेतनाचे संरक्षण, परवान्याची शाश्वती आणि अभ्यासाचा वेळ गमावतो. जयप्रकाशांप्रमाणे एक सत्र थांबून पुन्हा वर्गात बसण्याची सोयही त्यास राहिलेली नाही. अभ्यास सोडला की राहण्याचा परवानाच धोक्यात येतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. विद्यार्थ्याने परदेशी काम करावे, अवश्य करावे. त्यातून भाषा सुधारते, माणसे कळतात, चार पैसे हाती येतात, आणि कोणतेही काम हलके नाही हे पुस्तकाबाहेर शिकता येते. आपल्या समाजाने शतकानुशतके कामावरून माणसाची पायरी ठरविली. ताट घासणारा खालचा आणि ताटावर बसणारा वरचा, हा हिशेब मोडण्याची संधी ह्या मुलामुलींस मिळते ही काही लहान गोष्ट नाही. मात्र त्या कमाईतून भाजी, प्रवास आणि पुस्तके एवढेच भागेल असे धरावे. फी आणि कर्जाचे हप्ते तिच्यावर सोपवू नयेत. जेथे पैसा अपुरा असेल तेथे एक-दोन वर्षे येथेच नोकरी करून मग जावे, शिष्यवृत्तीची वाट पाहावी, किंवा फी अल्प असलेले विद्यापीठ शोधावे. त्यात कमीपणा नाही.

ज्ञातिसंस्थेकडूनही एक अपेक्षा आहे. ज्यांनी परदेशी शिक्षण पुरे केले आहे त्यांनी आपापल्या शहरी नव्याने येणाऱ्या मुलामुलीस पहिला महिना घरात जागा दिली, तरी स्टॉक्टनच्या त्या घराचे काम थोड्या प्रमाणात होईल. त्यासाठी इमारत लागत नाही. आणि ती जागा देताना आलेले मूल आपल्याच ज्ञातीचे आहे काय, हे विचारू नये. तसा प्रश्न त्यांना स्वतःला तेथे कोणी विचारलेला नसतो.

शेवटी स्मरणिकेच्या संपादक मंडळास एक सूचना. पुढील अंकात गुणवंतांची छायाचित्रे छापताना विद्यापीठाच्या नावाखाली आणखी एक ओळ असावी : शिकत असताना कोणते काम केले. ज्या मातापित्यांस ती ओळ द्यावयाची असेल त्यांनी ती अवश्य पाठवावी. अशा दहा ओळी एकत्र छापल्या गेल्या, तर त्या वाचून अकराव्या घरातील मुलगी आपल्या वडिलांस आदल्या रात्रीचे खरे वर्तमान सांगू शकेल.